स्वस्त विमान तिकीट काढताना पैसे भरण्यामागे लपलेलं शुल्क कसं ओळखायचं

शोधाच्या पानावर ४,२०० रुपये भाडं दिसतं आणि तिकीट निघाल्यावर बँकेचा मेसेज येतो ४,९०० रुपयांचा. मधले सातशे कुठे गेले हे पहिल्यांदाच तिकीट काढणाऱ्याला सहसा कळत नाही. टॅक्स असेल असं समजून तो गप्प बसतो. पण आपल्याकडच्या बहुतेक साइट्सवर पहिल्या पानावरच्या भाड्यात विमानतळाची शुल्कं आणि जीएसटी आधीच धरलेले असतात. नंतर वाढलेली रक्कम वेगळी असते: काही न विचारता जोडलेल्या सेवा, आणि उरलेलं निव्वळ पैसे भरण्याबद्दल घेतलेलं शुल्क. हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या शुल्काबद्दल आहे, कारण ते सगळ्यात शेवटी, आपण कार्ड हातात घेऊन बसलेलो असताना समोर येतं.

कोणासाठी लिहितोय तेही सांगतो. घरात पहिल्यांदाच विमानाने जाणारे आईवडील, शिक्षणासाठी दिल्लीला किंवा बंगळूरला निघालेली मुलं, गावाकडून एखाद्या लग्नासाठी किंवा उपचारासाठी घाईने तिकीट काढणारी माणसं. यांच्यासाठी हजार-दोन हजार रुपये ही किरकोळ रक्कम नसते.

आधी हे शुल्क काय आहे ते समजून घ्या

त्याचं आपल्याकडचं रूढ नाव कन्व्हिनियन्स फी. ऑनलाइन पैसे घेण्याच्या सोयीबद्दलची फी, असा त्याचा दावा. कार्ड स्वाइप झालं की दुकानदाराला बँकेला काही टक्के द्यावे लागतात, त्याला एमडीआर म्हणतात. डेबिट कार्डासाठी रिझर्व्ह बँकेने त्यावर कमाल मर्यादा घातलेली आहे: मोठ्या व्यापाऱ्यांसाठी १ जानेवारी २०१८ पासून ०.९० टक्के, आणि एका व्यवहाराला जास्तीत जास्त १,००० रुपये. रुपे डेबिट कार्ड आणि बँक खात्यातून थेट केलेलं यूपीआय यांवर जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य आहे. क्रेडिट कार्डाचा दर बँक आणि कंपनी आपसात ठरवतात. तो साधारण दोन टक्क्यांच्या आसपास असतो.

आता विमान कंपन्यांची आकारणी पाहा. ती बहुतेक ठिकाणी टक्क्यांत नसते. माणशी आणि प्रत्येक प्रवासाला ठरावीक रक्कम, अशी असते. म्हणजे चार माणसं, जाऊन-येऊन, तर आठ वेळा फी. आकडे कंपनीनुसार आणि वरचेवर बदलतात, म्हणून हिशोबापुरते ३५० रुपये धरू. पुणे-दिल्ली, भाडं ४,२००, चौघे, दोन्ही बाजू. भाड्याचे झाले ३३,६०० आणि फीचे २,८००. भाड्याची रक्कम क्रेडिट कार्डाने भरली आणि कंपनीला दोन टक्के द्यावे लागले, तर तिचा खर्च ६७२ रुपये. यूपीआयने भरली तर एमडीआरपोटी काहीच नाही. पैसे मात्र एकाच व्यवहारात, एकाच ओटीपीवर गेले. चार माणसांसाठी चार वेगळे व्यवहार कुणी केलेले नसतात.

माझा आक्षेप इथेच आहे. व्यवहाराचा खर्च वसूल करणं मला समजतं. माणसं मोजून केलेल्या वसुलीचा त्या खर्चाशी काही संबंध उरत नाही. तो भाड्याचाच एक तुकडा असतो, पहिल्या पानावर भाडं कमी दिसावं म्हणून मागे ठेवलेला. तुलनेसाठी रेल्वे घ्या. आयआरसीटीसीवर यूपीआयने पैसे भरले तर बिगर-एसी तिकिटाला १० आणि एसीला २० रुपये, इतर मार्गांनी १५ आणि ३०, वर जीएसटी. हे एका तिकिटावर. तिकिटावर सहा नावं असली तरी तेवढेच.

पहिली पायरी: शेवटच्या पानापर्यंत जाऊन या

नवखा माणूस पुढच्या पानावर जायला बिचकतो. बटण दाबलं आणि पैसे गेले तर? तसं होत नाही. आपल्याकडच्या साइट्सवर कार्डाचा नंबर आणि ओटीपी दिल्याशिवाय, किंवा यूपीआयचा पिन टाकल्याशिवाय, काहीही कापलं जात नाही. म्हणून तिकीट घ्यायचं नसलं तरी एकदा पूर्ण वाट चालून या. प्रवाशांची खरी संख्या टाका (एकट्यासाठी शोधलं तर फी लहान दिसते), परतीचा प्रवास असेल तर तोही टाका, आणि पैसे भरण्याच्या पानावर पोचून शेवटचा आकडा वहीत लिहा. वही म्हणतोय ते अगदी खरं. दोन-तीन साइट्स पाहिल्यावर आकडे डोक्यात राहत नाहीत.

वाटेत घड्याळ उलटं चालताना दिसेल, 'या भाड्याच्या दोनच सीट शिल्लक' असंही दिसेल. कधी ते खरं असतं, कधी नसतं. पंधरा मिनिटांत भाडं बदललं असं होऊ शकतं, पण घाबरून न वाचता पैसे भरल्याने होणारं नुकसान हमखास असतं.

दुसरी पायरी: भाड्याची फोड उघडा

एकूण रकमेशेजारी बहुतेक ठिकाणी बारीक बाण असतो किंवा 'फेअर ब्रेकअप' असं लिहिलेलं असतं. ते उघडलं की ओळी दिसतात: मूळ भाडं, इंधन अधिभार असल्यास तो, विमानतळाचं यूडीएफ (विमानतळ वापरण्याबद्दलचं शुल्क), सुरक्षा शुल्क, जीएसटी. ही फोड पैसे भरण्याच्या पानावर पुन्हा एकदा उघडा. आधी नसलेली ओळ तिथे आली असेल तर तीच आपली. तिचं नाव दर वेळी कन्व्हिनियन्स फी असेलच असं नाही. सर्व्हिस फी, प्लॅटफॉर्म फी, बुकिंग फी, पेमेंट हँडलिंग, काहीही असू शकतं. काही ठिकाणी ती 'टॅक्सेस अँड फीज' या एकाच ओळीत मिसळून टाकतात, तेव्हा आधीचा आणि नंतरचा आकडा वजा करून पाहण्याखेरीज उपाय नाही.

तिसरी पायरी: आपण न मागितलेलं काढून टाका

प्रवास विमा, 'फुकट रद्द करा' योजना, सीट, जेवण, लवकर चेक-इन, पाच-दहा रुपयांची देणगी. यातलं काही आधीच टिक केलेलं असेल तर टिक काढा. सीट निवडण्याच्या पानावर पुढे जाण्याचं छोटं बटण शोधा. सीट विकत घेतली नाही तर तिकीट मिळणार नाही असं नसतं, चेक-इनच्या वेळी एखादी मिळतेच. हवाई वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, याबाबतचा नियम स्पष्ट आहे: अशा जादा सेवा प्रवाशाने स्वतः मागितल्या तरच द्यायच्या. आधीच टिक करून ठेवणं त्यात बसत नाही.

चौथी पायरी: पैसे भरण्याचा मार्ग बदलून पाहा

पेमेंटच्या पानावर क्रेडिट कार्ड, डेबिट कार्ड, यूपीआय, नेट बँकिंग, वॉलेट असे पर्याय असतात. एकेक दाबा आणि वरची एकूण रक्कम हलते का ते बघा. काही ठिकाणी यूपीआयवर फी कमी होते, काही ठिकाणी सगळीकडे सारखीच राहते. यूपीआयच्या मर्यादेची भीती असेल तर, १५ सप्टेंबर २०२५ पासून प्रवासासाठीच्या व्यवहारांची मर्यादा ५ लाखांपर्यंत वाढवलेली आहे; तुमच्या बँकेची स्वतःची मर्यादा कमी असू शकते, ती ॲपमध्ये तपासा.

इथेच बँकेच्या सवलतीचं कूपन येतं, आणि इथे जरा थांबून हिशोब करायला हवा. कूपन बहुतेक वेळा एका बुकिंगवर असतं, फी माणशी असते. समजा एका साइटवर भाडं ४,२००, फी ३५०, आणि एखाद्या कार्डावर २५० रुपयांची सूट. दुसरीकडे भाडं ४,३५० आणि फी काही नाही. एकटे जात असाल तर पहिलीकडे ४,३०० पडतात, म्हणजे ती ५० रुपयांनी स्वस्त. चौघे जात असाल तर पहिलीकडे १८,२०० वजा २५०, म्हणजे १७,९५०, दुसरीकडे १७,४००. तीच साइट, तेच कूपन, आणि आता ती ५५० रुपयांनी महाग. मित्राने सांगितलेली 'सगळ्यात स्वस्त' साइट तुमच्या कुटुंबासाठी महाग पडू शकते ती अशी. म्हणून आपल्या माणसांसाठी आपणच मोजावं.

कूपन लावल्यावर भाडंच वाढलं नाही ना, हेही फोडीत बघून घ्या. आणि प्रवासी साइटवर भाव पाहिल्यावर विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवरही एकदा शेवटपर्यंत जाऊन या. दोघांची फी वेगवेगळी असते. रक्कम सारखीच निघाली तर मी कंपनीकडूनच घ्या असं सांगेन, कारण तिकीट बदलायची किंवा रद्द करायची वेळ आली की प्रवासी साइट आपलं वेगळं शुल्क वर लावते आणि दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

नो कॉस्ट ईएमआय दिसला तर त्याचंही गणित समजून घ्या. व्याजाइतकी सूट आधी दिलेली असते, पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी बँक दर हप्त्याला घेते आणि बऱ्याच बँका वर प्रक्रिया शुल्कही लावतात. गरज असेल तर जरूर घ्या, फुकट समजून घेऊ नका.

परदेशी स्वस्त विमान कंपनीचं तिकीट असेल तर

बँकॉक, क्वालालंपूर, व्हिएतनाम किंवा युरोपातल्या युरोपात फिरताना आपलं भारतीय कार्ड वापरलं की आणखी दोन गळत्या लागतात.

पहिली म्हणजे फॉरेक्स मार्कअप. परकीय चलनात पैसे गेले की बँक साधारण २ ते ३.५ टक्के घेते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. २०,००० रुपयांच्या तिकिटावर साडेतीन टक्क्यांनी ७०० रुपये आणि जीएसटीचे १२६, म्हणजे ८२६. हा आकडा विमान कंपनीच्या पानावर कधीच दिसत नाही, तो थेट कार्डाच्या बिलात येतो. आपल्या कार्डाचा दर बँकेच्या शुल्कपत्रकात आधी बघून ठेवा. शून्य मार्कअपची कार्डंही मिळतात.

दुसरी गळती जास्त फसवी आहे. पेमेंटच्या पानावर विचारतात: युरोमध्ये भरणार की रुपयांत? रुपयांत रक्कम दिसली की आपल्या माणसाला धीर येतो आणि तो तेच निवडतो. पण तेव्हा रूपांतराचा दर आपली बँक लावत नाही, समोरचा व्यापारी आणि त्याचा पेमेंट भागीदार लावतात, आणि त्या दरात त्यांचे काही टक्के आधीच घातलेले असतात. शिवाय परदेशात नोंदलेल्या व्यापाऱ्याला रुपयांत पैसे दिले म्हणून आपल्या अनेक बँका साधारण एक टक्का वेगळा घेतात, अधिक जीएसटी. म्हणजे दोन्हीकडून कात्री. पर्याय मिळाला तर त्या देशाचं चलन निवडा. काही साइट्सवर रुपयांचा पर्याय आधीच निवडलेला असतो आणि बदलायची जागा 'अधिक माहिती'सारख्या दुव्याखाली असते, ती शोधा. कंपनीचं भारतात नोंदलेलं खातं असेल आणि ती भारतातून सुटणाऱ्या प्रवासाचं भाडं मुळातच रुपयांत सांगत असेल तर ही अडचण येत नाही.

तिकीट रद्द झालं तर परतावा ज्या दिवशी जमा होतो त्या दिवशीच्या दराने येतो, त्यामुळे भरले तेवढेच मिळतील असं धरू नका. आणि कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करावा लागतो, तो काम झालं की ॲपमधून पुन्हा बंद करा.

लंडन, डब्लिन, मेलबर्नच्या मराठी मंडळींसाठी

तुमच्याकडे ही लढाई आपल्याआधी झालेली आहे, आणि तिचा निकाल आपल्यालाही शिकण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये २०११ साली विच? या ग्राहक संस्थेने कार्ड शुल्काबद्दल रीतसर तक्रार केली. जुलै २०१२ मध्ये तिथल्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगने १२ विमान कंपन्यांकडून कबूल करून घेतलं की डेबिट कार्डाचं शुल्क जाहिरातीतल्या भाड्यातच धरायचं. एप्रिल २०१३ पासून खऱ्या खर्चापेक्षा जास्त शुल्क घ्यायला बंदी आली आणि १३ जानेवारी २०१८ पासून सामान्य ग्राहकाच्या कार्डावर वेगळं शुल्क घेणंच बंद झालं. त्याच वेळी युरोपीय संघातही तसाच नियम आला.

युरोपात तर भाड्याबद्दलचा २००८ चा कायदा आहे: जे टाळता येत नाही ते सगळं पहिल्या आकड्यातच दाखवायचं. रायनएअर ही विमान कंपनी आणि इटलीची स्पर्धा नियामक संस्था यांच्या वादात युरोपीय न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये सांगितलं की कंपनीने मान्य केलेलं एखादं विशिष्ट कार्ड नसलेल्यांकडून घेतलेलं प्रशासकीय शुल्कही टाळता न येणारंच धरायचं आणि सुरुवातीपासून दाखवायचं. एका कार्डावर माफी आहे म्हणून बाकी सगळ्यांसाठी ते ऐच्छिक ठरत नाही. हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

ऑस्ट्रेलियात बुकिंग फी शेवटच्या टप्प्यावर दाखवल्याबद्दल २०१७ मध्ये न्यायालयाने जेटस्टारला ५,४५,००० आणि व्हर्जिन ऑस्ट्रेलियाला २,००,००० डॉलर दंड केला. तेव्हा तिथे कार्डाचं शुल्क घेता येत होतं, पण खर्चापेक्षा जास्त नाही.

पैसे भरताना आणि भरल्यावर

शेवटच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, फोड उघडी ठेवून. मग पैसे भरा.

रक्कम कापली गेली पण तिकीट आलं नाही, असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी विमान कंपनीच्या ॲपमध्ये किंवा फोनवर पीएनआर तयार झाला का ते विचारा. झाला नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत आले पाहिजेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. ती बँकेने स्वतःहून द्यायची असते. दिली नाही तर लेखी मागा.

तिकीट रद्द केलं तर कन्व्हिनियन्स फी परत मिळत नाही, हे बहुतेक कंपन्या अटींमध्ये लिहूनच ठेवतात. म्हणून जाण्याचं नक्की नसेल तर फी हा गेलेला पैसा धरूनच हिशोब करा. पण तिच्याबरोबर बाकीचं सोडून देऊ नका. मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त रद्द शुल्क कंपनीला लावता येत नाही. यूडीएफसारखी विमानतळाची शुल्कं तर तुम्ही गेलाच नाहीत तरी परत द्यावी लागतात, 'नॉन-रिफंडेबल' भाडं असलं तरीही. क्रेडिट कार्डाने भरले असतील तर कंपनीने ७ दिवसांत परत करायचे असतात. एजंटकडून तिकीट घेतलं असलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीवरच आहे.

तक्रार कुठे करायची

भारतात कन्व्हिनियन्स फी घेण्यावर थेट बंदी नाही. लपवण्यावर मात्र आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविरोधी, म्हणजे साइटवरच्या फसव्या मांडणीविरोधी, मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यांतल्या तेरा प्रकारांत ड्रिप प्रायसिंग, म्हणजे किमतीचा भाग आधी न सांगता थेंब थेंब पुढे आणणं, आणि बास्केट स्नीकिंग, म्हणजे न विचारता विमा किंवा देणगी टोपलीत टाकणं, हे दोन्ही आहेत. तक्रारीत हीच नावं वापरा. 'जास्त पैसे घेतले' असं मोघम लिहिलं की छापील उत्तर येतं.

आधी कंपनीला ईमेल करा, मग तिच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी पाहणाऱ्या अधिकाऱ्याला. नाव-पत्ता तिच्या साइटवर असतो. उत्तर पटलं नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं एअरसेवा हे तक्रारींचं पोर्टल, आणि त्याच्या जोडीला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, जिथे मराठीतही बोलता येतं. त्यानेही भागलं नाही तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय दिल्लीला असो की गुरुग्रामला. तिकिटासाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाचं शुल्क शून्य आहे आणि वकील सक्तीचा नाही. सोबत तीन गोष्टी जोडा: पहिल्या पानावरच्या भाड्याचा स्क्रीनशॉट, पेमेंटच्या पानावरच्या फोडीचा स्क्रीनशॉट, आणि बँकेचा मेसेज. पहिला स्क्रीनशॉट नंतर मिळवता येत नाही, तो शोध सुरू करतानाच घेऊन ठेवा.